भूलबाईंचा प्रश्न

माझ्या वहिनीला तिच्या दवाखान्यात कुणी डॉक्टर म्हणत नाही, भूलबाई म्हणतात. नाव ठेवलं वॉर्डातल्या मावशींनी, आणि ते इतकं चिकटलं की आता मोठे सरसुद्धा घाईत असले की, "भूलबाई आल्या का?" असंच विचारतात. दवाखाना बाळंतपणाचा आहे. तिथे रोज सिझर होतात, आणि सिझरच्या आधी पाठीच्या कण्यात केसासारखी बारीक सुई घालून कमरेखालचं अंग सुन्न करायचं काम वहिनीचं. एकदा सुई घातली की ती टेबलाच्या डोक्याशी स्टुलावर बसते आणि आईशी बोलत राहते, कारण आई पूर्ण जागी असते. मधे हिरवा पडदा. पडद्यापलीकडे पोट उघडलेलं असतं, आणि पडद्याअलीकडे या दोघींच्या, नाक सासरच्यांवर जाणार की माहेरच्यांवर, अशा गप्पा रंगलेल्या असतात.

माझा भाऊ तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा बाबांनी सहज विचारलं होतं, काय करता तुम्ही? ती म्हणाली, "भूल देते." बाबांनी भावाकडे एकदा पाहिलं. तो इतका हरवलेला होता की चहाच्या रिकाम्या कपात साखर ढवळत बसला होता. बाबा म्हणाले, "ते दिसतंच आहे." लग्न तिथेच ठरलं असं आम्ही आजही मानतो.

तिचे वडील पाण्याचा टँकर चालवायचे, आई घरातच पाळणाघर चालवायची. आठ-दहा रडक्या पोरांच्या गोंगाटात बसून अभ्यास केलेली मुलगी असल्यामुळे तिला आवाजाचा त्रास म्हणून होत नाही. परीक्षेत मार्क असे पडले की हवी ती शाखा मिळाली असती. सगळ्यांना वाटलं, सर्जन होणार. हिने भूलशास्त्र घेतलं. तिच्या आईला बरेच दिवस शेजारणींना समजावून सांगावं लागलं की हो, तीही पूर्ण डॉक्टरच असते.

या कामात नाव होत नाही. बाळ सुखरूप बाहेर आलं की घरचे लोक ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे पाय धरायला धावतात, फुलं देतात, फोटो काढतात. वहिनी टोपी-मास्क लावून त्यांच्या मागून निघून जाते. ज्या बाईशी तिने तासभर गप्पा मारल्या तीसुद्धा दुसऱ्या दिवशी तिला ओळखत नाही, कारण तिने वहिनीचे फक्त डोळे पाहिलेले असतात, आणि तेही उलटे. वहिनीला याचं काही वाटत नाही. वाटायचं ते आम्हालाच. बाबा तर बसच्या रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगायचे, आमची सून लोकांना भूल देते आणि तरी लोक फसत नाहीत.

मी तिची नणंद. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. वहिनी मला लाडाने 'वन्सं' म्हणते, जुन्या पद्धतीने, म्हणजे मी मोठा रुबाब करते असं चिडवायला. आमचं दोघींचं सुरुवातीपासून जमलं. पण जे सांगणार आहे त्याची सुरुवात माझ्या बाळंतपणात झाली.

मुलगी पोटात आडवी होती, म्हणून सिझर ठरलं. वहिनी म्हणाली, वन्सं, तुला मी टोचणार, दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. तिने टोचलं, मला कळलंसुद्धा नाही. पाय गरम झाले, मग जड झाले, मग माझे उरलेच नाहीत. मुलगी झाली, ओरडली, माझ्या गालाला लावली, सगळं छान. तेव्हा त्या दवाखान्यात पाठीत फक्त सुन्न करणारं औषध द्यायचे. त्याचा असर काही तासांत उतरतो. संध्याकाळ व्हायच्या आत माझे पाय परत आले, आणि पायांच्या मागोमाग टाक्यांची कळ आली.

वहिनी काम संपवून माझ्या खाटेशी आली तेव्हा तिच्या हातात कागद लावलेली फळी आणि पेन होतं. तिने सगळ्या बायकांना विचारतात तोच प्रश्न मला विचारला. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे असह्य, तुझं किती? मी म्हणाले, चार. खरं तर सहा होतं, पण शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसलेली माझी सासू ऐकत होती आणि नवरा आधीच पांढराफटक पडला होता. वहिनीने चार लिहिलं आणि खूश झाली. चार म्हणजे चांगलंच.

तेवढ्यात माझी मुलगी रडायला लागली. तिचा पाळणा माझ्या उजव्या हाताला लागूनच होता. मी हात लांब केला. हात पाळण्याच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला, कारण पुढे जायचं तर कुशीवर वळायला हवं होतं, आणि वळायला गेलं की पोटात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मावशी धावत आल्या, मुलगी उचलून माझ्या कुशीत ठेवली. मी वहिनीला म्हटलं, "आकडा चारच आहे गं. पण मला माझ्या पोरीकडे वळता येत नाही."

वहिनीने पेन खिशात ठेवलं. जाताना एवढंच म्हणाली की हे कुठे लिहायचं याला आमच्या कागदावर जागाच नाही.

मी घरी आल्यावर हा विषय पुन्हा निघाला, तेव्हा मी कबूल केलं की तो चार खरं तर सहा होता. मुलीला तेल लावता लावता मी तिला आमच्या दुकानातली गोष्ट सांगितली. आमच्याकडे मशीन आहे. डोळा समोर धरला की नंबर छापून देतं. तरीसुद्धा आम्ही एकामागून एक काचा लावतो आणि विचारतो, ही बरी का ही? कारण मशीनचा नंबर बरोबर असला तरी त्या चष्म्याने पायऱ्या उतरायच्यात त्या माणसाला. वहिनी म्हणाली, म्हणजे तू गिऱ्हाइकाला विचारतेस. मी म्हटलं, मग दुसऱ्या कुणाला विचारू?

पुढच्या वर्ष-दोन वर्षांत त्यांच्या दवाखान्यात सुन्न करणाऱ्या औषधाबरोबर पाठीतच दुसऱ्या एखाद्या औषधाचा थेंबभर अंश मिसळायला सुरुवात झाली. त्याने दुखणं जास्त वेळ थोपवलं जातं. यात दोन औषधं होती. एक जुनं, अफूच्या कुळातलं. ते दुखणं दुसऱ्या दिवसापर्यंत दाबून ठेवतं, पण काही बायकांना त्याने अंगभर खाज सुटते, मळमळतं. दुसरं नवं, वेगळ्या कुळातलं. त्याने खाज येत नाही आणि ऑपरेशननंतर बायका ज्या कुडकुडतात, दातावर दात आपटतात, तेही कमी होतं. ते किती वेळ पुरतं याबद्दल मात्र ज्याचं त्याचं मत.

झालं, दवाखान्यात दोन पार्ट्या पडल्या. मोठे सर, म्हणजे भूल विभागाचे प्रमुख, आणि त्यांच्या वयाचे एक-दोन डॉक्टर जुन्या औषधाचे. वहिनी नव्याची. तिच्याकडे कारण होतं. जुनं औषध दिलेली एक बाई तिने पाहिली होती. तिने खाजवून खाजवून नाक आणि गाल लाल केले होते आणि बाळाबरोबरच्या पहिल्या फोटोत तोंड झाकून घेतलं होतं. तेव्हापासून वहिनी नव्या औषधाची अशी कड घ्यायची, जणू ते तिच्या माहेरचं आहे. मावशीसुद्धा विचारायच्या, या बाईला सरांचं दिलंय का आपल्या बाईंचं?

मग सरांचंच मन हळूहळू फिरायला लागलं. नव्याच्या बाजूने इकडून तिकडून बरंच छापून येत होतं आणि पुढच्या मोठ्या परिषदेत त्यावर कुणीतरी बोलावं असं त्यांना वाटायला लागलं. वहिनी म्हणाली, बोलायचं तर नीट तुलना करून बोलू. आपल्या दोघांच्या आवडीनिवडीवर बायकांची पोटं सोडायला नकोत.

तुलना म्हणजे काय ते तिने मला आमच्या स्वयंपाकघरात भांडी विसळताना सांगितलं होतं, म्हणून मला समजलं. सिझर होणाऱ्या बायकांना आधी सगळं समजावून विचारायचं. ज्या हो म्हणतील त्यांच्यातल्या निम्म्यांना जुनं, निम्म्यांना नवं. कुणाला कुठलं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. दोन्ही औषधं पाण्यासारखी दिसतात. सिरिंजा भरून द्यायचं काम औषधशाळेतल्या फार्मासिस्टचं. सिरिंजवर फक्त 'क' नाहीतर 'ख'. टोचणाऱ्या वहिनीलाही ठाऊक नाही, घेणाऱ्या बाईलाही नाही, वॉर्डात प्रश्न विचारणाऱ्या सिस्टरलाही नाही. सगळ्यांचे पत्ते झाकलेले.

परवानगी देणाऱ्या समितीपुढे ती गेली तेव्हा दुखणं, खाज, उलटी, कुडकुडणं या मोजमापांवर कुणी काही बोललं नाही. पण तिने शेवटी एक प्रश्न जास्तीचा घातला होता. तुम्हाला कुणाच्या मदतीशिवाय बाळाकडे कुशीवर वळता आलं का, आणि केव्हा? समितीतल्या एका गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हे मोजमाप कुठल्या पुस्तकात आहे? वहिनीने सरळ सांगितलं की पुस्तकात तिला सापडलं नाही, तिच्या नणंदेच्या खाटेवर सापडलं. समितीत हशा पिकला. पण प्रश्न निरुपद्रवी आहे, असू दे, फक्त त्याला मुख्य मोजमाप म्हणू नका, अशी अट घालून त्यांनी तो राहू दिला.

पुढे जवळजवळ वर्ष हे चाललं. वहिनीला त्यात सगळ्यात जड काय गेलं असेल तर वॉर्डात न जाणं. एरवी ती काम संपलं की एकेका खाटेशी जाऊन चौकशी करणारी. आता तिने ते बंद केलं. म्हणाली, मला नवं औषध आवडतं हे माझ्या तोंडावर लिहिलेलं आहे. मी जाऊन विचारलं तर बाई माझं तोंड बघून उत्तर देईल, जसं तू मला चार सांगितलंस, वन्सं. म्हणून प्रश्न वॉर्डातल्या थोरल्या सिस्टर विचारायच्या. या सिस्टरचा चेहरा असा की त्यांना स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही कुणाला हसवता आलं नव्हतं. वहिनी म्हणायची, अशा कामाला असाच चेहरा हवा.

तरी ती मनातून अंदाज बांधत होती. मावशींच्या बोलण्यातून कानावर यायचं, अमकी खाट मजेत आहे, तमकी कण्हते आहे. जी मजेत आहे ती नव्याची, असं तिने धरूनच चाललं होतं. आमच्या घरीही तेच वारं. भाऊ स्वयंपाक करता करता विचारायचा, काय म्हणतंय आपलं औषध? बाबा तर बसच्या रांगेत निकाल जाहीर करूनही मोकळे झाले होते.

सगळ्या बायकांची उत्तरं जमली, हिशेब करणाऱ्या बाईंनी 'क' आणि 'ख' समोरासमोर मांडले, आणि मग एका दुपारी वहिनी, मोठे सर आणि थोरल्या सिस्टर औषधशाळेच्या मागच्या खोलीत जमले. फार्मासिस्ट अबोल माणूस, सदा घशाची गोळी चघळणारा. कुठलं औषध 'क' आणि कुठलं 'ख' याची यादी फक्त त्याच्याकडे. मांडलेल्या आकड्यांत 'क' गटाला खाज खूप जास्त, कुडकुडणंही जास्त, मळमळ थोडी जास्त. पण 'क' गटातल्या बायका 'ख'पेक्षा कितीतरी आधी कुशीवर वळल्या होत्या, आधी उठून बसल्या होत्या, आणि रात्री दुखण्याच्या गोळ्या त्यांनी कमी मागितल्या होत्या. 'ख'चं दुखणं पहिले काही तास छान थांबलं होतं, पण नेमकं बाळाला सारखं घ्यायची वेळ येते तेव्हा ते परत आलं होतं.

फार्मासिस्टने गोळी गालात सरकवली आणि सांगितलं, 'क' म्हणजे जुनं.

वहिनीने त्याला पुन्हा बघायला सांगितलं. त्याने पुन्हा बघून तेच सांगितलं.

ती दवाखान्यातून सरळ माझ्या दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, समोर अक्षरांचा तक्ता. मी पाणी दिलं. ती म्हणाली, माझं औषध पडलं. मग म्हणाली, तू वळू शकली नव्हतीस ना, त्यासाठी मी हे सगळं मांडलं, आणि त्यातच मी चुकीच्या घोड्यावर बसले होते. मी म्हटलं, खाज तर तुझ्या औषधाने नाही ना आली? ती म्हणाली, नाही, ते खरं आहे. कुडकुडणंही कमी, तेही खरं. पण तिचं समाधान झालं नव्हतं. आकडे तिला दोन दिशांना ओढत होते: एका बाजूला खाज, दुसऱ्या बाजूला कळ. यातलं मोठं कोणतं, हे तिला सांगता येत नव्हतं.

तुलनेचं काम आता संपलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती मोकळेपणाने टाके दाखवायला येणाऱ्या बायकांच्या खोलीत गेली. तिथे 'क' गटातली, अगदी शेवटी तुलनेत आलेली एक शिवणकाम करणारी बाई बाळ मांडीवर घेऊन बसली होती. वहिनीने तिला विचारलं, तुम्हाला खाज फार सुटली होती ना, त्रास झाला असेल. तिने बाही वर करून दंडावरचे ओरखडे दाखवले आणि हसली. म्हणाली, "खाज सुटली तर खाजवायला हात मोकळे असतात, बाई. कळ आली की हात पोटावर दाबून धरावे लागतात, मग पोराला कशाने घ्यायचं?"

वहिनीने हे वाक्य मला निदान दहा वेळा सांगितलं आहे. म्हणते, वर्षभर जे मोजलं त्याचा अर्थ त्या बाईने एका दमात लावून दिला. मग तिने आणखी कितीतरी जणींना विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर नव्हतं. एकीला उलट्यांचीच फार धास्ती बसली होती. ती म्हणाली, कळ परवडली. पण बहुतेकींचा कल शिवणकामवाल्या बाईच्या बाजूने होता.

मोठ्या सरांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही. त्यांना आपल्या विभागाचं नाव व्हावं असं वाटत होतं, आणि नवं औषध जिंकल्याची बातमी घेऊन परिषदेला जाणं सोपं होतं. ते म्हणाले, हे बघ, मुख्य मोजमापांपैकी खाज आणि कुडकुडणं यांत नवं औषध सरळ सरळ सरस ठरलंय, आणि पहिले काही तास दुखणंही त्याने छान थांबलंय. ते पुढे ठेवू. कुशीवर वळणं हा जास्तीचा प्रश्न होता, समितीनेच म्हटलंय. तो यावेळी बाजूला ठेवला तर खोटं काही होत नाही. त्यावर पुढे कधीतरी वेगळं लिही.

वहिनीने तिथल्या तिथे उत्तर दिलं. "सर, तो प्रश्न माझा असता तर एक वेळ गाळला असता. तो माझ्या नणंदेचा आहे. तुम्ही तिला विचारा."

सरांनी मला काही विचारलं नाही. पण तिलाही पुन्हा अडवलं नाही.

परिषदेला मी आणि बाबा गेलो. तसं नातेवाइकांना तिथे कुणी बोलावत नाही. वहिनीच्या ओळखीने मागच्या दाराशी दोन खुर्च्या मिळाल्या. बाबांनी लग्नातला शर्ट घातला होता, आणि आत शिरल्यापासून ते शेजारच्या डॉक्टरांना सांगायच्या तयारीत होते की ती आमची सून. मी त्यांचा दंड धरून बसले होते. हॉल मोठा, थंड, आणि अंधारलेला. आधीचे दोन-तीन वक्ते आपापली औषधं जिंकवून गेले. प्रत्येकाने शेवटी आपला अंदाज कसा खरा ठरला ते सांगितलं.

वहिनी व्यासपीठावर चढली. इतक्या लोकांसमोर मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तेही मास्कशिवाय. तिने आधी काय केलं, कसं केलं ते सांगितलं, मग खाजेचे आणि कुडकुडण्याचे आकडे दाखवले. त्यात नवं औषध सरस, हेही नि:संकोच सांगितलं. मग म्हणाली, "हे काम सुरू करताना मी नव्या औषधाच्या बाजूची होते. आमच्या वॉर्डात त्याला माझ्या नावाने ओळखतात. आयांनी मला चूक ठरवलं, आणि त्यांनी कसं चूक ठरवलं ते आता दाखवते."

आणि तिने तो कुशीवर वळण्याचा प्रश्न पडद्यावर लावला.

हॉलमध्ये आधी चुळबुळ झाली. मग चुळबुळ थांबली. मी मागून पाहत होते, डोकी वर आली होती. तिने एकेक करून दाखवलं, कुठल्या गटातल्या आया केव्हा वळल्या, केव्हा बसल्या, केव्हा बाळ स्वतः उचललं. शिवणकामवाल्या बाईचं वाक्य तिने जसंच्या तसं वाचलं. कुणाचं उत्तर वेगळं होतं तेही लपवलं नाही. शेवटी म्हणाली की आमच्या दवाखान्यापुरतं आम्ही जुनं औषध घेणार, पण आधीपेक्षा कमी, आणि खाजेवरचं औषध हाताशी ठेवून. आणि ज्या बाईला ते सोसत नाही किंवा जिला उलट्यांचं भय आहे तिला विचारून नवं.

प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतले एक अगदी वयस्क भूलतज्ज्ञ उठले. काठी टेकत माइकपाशी यायला त्यांना वेळ लागला आणि मला धडकी भरली की आता हे हिला सोलून काढणार. ते म्हणाले, "मी आयुष्यभर बायकांना दुखण्याचा आकडा विचारत आलो. त्या प्रश्नाचे शब्द पुन्हा सांगता का? सावकाश. मला उतरवून घ्यायचेत."

तिने सावकाश सांगितले. आजूबाजूचे बरेच जण लिहीत होते, तेवढंच मला दिसलं, कारण नंतर माझे डोळे भरून आले. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारी मी, मला समोरचा पडदा दिसेना. बाबांना त्यातलं फारसं काही समजलं नव्हतं. त्यांनी माझ्या कानात विचारलं, "जिंकली का आपली?" मी होकारार्थी मान डोलावली. मग मात्र मी त्यांचा दंड सोडून दिला, आणि चहाच्या सुट्टीत त्यांनी अर्ध्या हॉलला सांगितलं की ती आमची सून.

मोठे सर बाहेर व्हरांड्यात तिला भेटले. त्यांनी तिचं कौतुक वगैरे केलं नाही, ते त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो तर तो प्रश्न गाळला असता. बरं झालं मी नव्हतो." आणि तिला विचारून तिच्या कपात स्वतःच्या हाताने दूध घातलं.

त्यानंतर दवाखान्यात बऱ्याच गोष्टी बदलल्या. कागदावर त्या प्रश्नाला जागा झाली, तीही आकड्याच्या वर. कुडकुडणाऱ्या बायकांसाठी ऑपरेशनच्या खोलीत गरम पांघरुणं आली, कारण जुनं औषध घ्यायचं तर ती उणीव भरून काढायला हवी होती. सिझरच्या आदल्या दिवशी वहिनी आता प्रत्येकीला विचारते, तुम्हाला जास्त भीती कशाची, दुखण्याची, खाजेची का उलटीची? मावशी सांगतात, पुष्कळ बायका आधी गडबडतात. त्यांना असं कुणी विचारलेलंच नसतं. मग विचार करून सांगतात.

मधे दूरच्या एका दवाखान्यातून दोन डॉक्टर मुली तिला भेटायला घरी आल्या, मी तेव्हा तिथेच होते. त्यांनी तोच प्रश्न वापरून तीच तुलना आपल्याकडे करून पाहिली होती, आणि त्यांचा निकाल थोडा निराळा आला होता. त्यांच्याकडच्या बायका दोन्ही औषधांवर जवळजवळ सारख्याच वेळी वळल्या होत्या. मुली जरा भीत भीत सांगत होत्या, जणू वहिनीला वाईट वाटेल. वहिनीचा चेहरा असा उजळला की मला तिच्या लग्नातला आठवला. तिने चहा तसाच ठेवून त्यांना खोदून खोदून विचारायला सुरुवात केली. तुमच्याकडे बायकांना कधी उठवतात? पाळणा कुठल्या बाजूला असतो? खाटा उंच आहेत का? त्यांची उत्तरं ऐकता ऐकता ती म्हणाली की मग आपण दोन्ही ठिकाणी मिळून करूया, आणि यावेळी पाळण्याची जागाही सारखी ठेवूया.

मी म्हटलं, वहिनी, आता तरी आधीच सांगून टाक, यावेळी तू कुणाच्या बाजूची? ती हसली. म्हणाली, "यावेळी खरंच माहीत नाही गं, वन्सं. फार मजा येणार आहे." आणि त्या मुलींना घेऊन निघाली, आधी वॉर्ड दाखवते म्हणून. जाताना मी त्यांच्यातल्या एकीला दुसरीच्या कानात बोलताना ऐकलं, ह्याच का त्या भूलबाई? मी मागून म्हणाले, हो, ह्याच. माझी वहिनी.